पन्नास दिवसांत शिकलेली सर्व्हिस

७ डिसेंबर, रविवार

बायकोचा, बेबाचा, गुडघा काय म्हणतो? — कालच्यापेक्षा बरा, दोनदा जिना उतरली. बोदवडच्या बहिणीचा, अक्काचा, डोळा? — पट्टी निघाली, थेंब चालू, फोनवर आवाज खणखणीत. पोराचं, भूषणचं, पित्त? — सुरतेला एकटा राहतो, बाहेरचं खातो, कमी कसं होणार! रूपाचं डोकं दुखायचं ते? — विचारायची सोय नाही. दोन वर्षांपूर्वी भूषणने आणि तिने काडीमोड घेतला. आता तिच्या डोक्याची चौकशी मी कोणत्या नात्याने करू? आमची नात किरण? — ठणठणीत. बारा वर्षांची, सातवीत, दिवसभर उड्या. आणि मी? लोटनभाऊंची तब्येत कालपर्यंत उत्तम होती. काल संध्याकाळपासून नाही.

किरणचा फोन आला होता. आपणहून! एरवी मीच करतो, ती "हं, हो, जेवले" एवढं म्हणते आणि फोन मम्मीकडे देते. काल म्हणाली — आबा, आमच्या टेनिस क्लबात सव्वीस जानेवारीला आजी-आजोबा आणि नातवंडांच्या डबल्स आहेत. नानांची (रूपाच्या वडिलांची) बायपास झालीये. तुम्ही याल का?

म्हटलं, येईन की! बघायला धुळ्याला यायला काय लागतं!

"बघायला नाही हो. खेळायला. माझ्या बाजूने."

आणि मी हो म्हणालो. चौसष्टाव्या वर्षी! बत्तीस वर्षं यावल डेपोत कंडक्टरकी केली, हातात कधी बॅडमिंटनची रॅकेट धरली नाही. तिला म्हटलं, मला येत नाही गं काही. म्हणाली, सर्व्हिस तेवढी शिका, बाकी मी बघते. आणि खालून नको हं आबा, वरून. खालून टाकली की सगळे हसतात.

भीती हसण्याची नाही. भीती दुसरीच आहे, इथे लिहून टाकतो. निकालाच्या कागदावर भेटीचा हक्क भूषणला दिलाय. तो जात नाही. माझं नाव त्या कागदात कुठेच नाही. रूपा भल्या मनाची, म्हणून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दार उघडते, चहा ठेवते. उद्या म्हणाली, आबा, आता नका येत जाऊ — तर मी कोणापुढे रडू? आणि पोरगी मोठी होतेय. मागच्या दोन भेटींत तिने मोबाइलमधून मान वर काढली नाही. मी हळूहळू तिच्यातून पुसला जातोय. हे एक बोलावणं आलंय. तिथे तिच्या मैत्रिणींसमोर माती खाल्ली तर पुन्हा बोलावणं नाही.

पन्नास दिवस आहेत.

९ डिसेंबर, मंगळवार

मोबाइलवर बघितलं. "सोपी सर्व्हिस, पाच मिनिटांत शिका." त्या माणसाने पाच मिनिटांत अकरा गोष्टी सांगितल्या. गुडघे वाकवा, कंबर वळवा, टाच उचला. मी वहीच्या मागे लिहून घेतल्या. लिहून घेतलं की मला येतं, असा माझा आजवरचा अनुभव. सातवीनंतर शाळा नाही, पण इंग्रजी अक्षरं गावांच्या पाट्यांवरून शिकलो, तिकिटाचं मशीन आलं तेव्हा डेपोत पहिला मी शिकलो.

दुपारी बेबा झोपल्यावर झारा घेऊन उभा राहिलो. पहिल्याच फटक्याला भिंतीवरचं कॅलेंडर खाली.

"काय करू राह्यले तुम्ही?" — आतून.

"माशी मारतोय!"

१० डिसेंबर, बुधवार

उजवा खांदा धरला. माशी मारून खांदा धरला, असं बेबाला सांगता येत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आमच्या जळगावच्या टेनिस क्लबाच्या फाटकावरून तीनदा गेलो. आत पांढऱ्या चड्ड्या घातलेले डॉक्टर-वकील. चौथ्यांदा जाताना आतून कोणी हाक मारली — "भाऊ! तुम्ही यावलनी पयली गाडीना कंडक्टर नही का?"

कोर्टावर पाणी मारणारा माणूस. पंचावन्नच्या घरातला, काळाभोर, दात पांढरेशुभ्र. धनसिंग त्याचं नाव. तिथला मार्कर — म्हणजे कोर्ट सांभाळायचं, रेषा मारायच्या आणि कोणा सभासदाला जोडीदार नसला तर समोर उभं राहून खेळायचं. मूळ पारोळ्याकडचा. "मनी सासरवाडी यावलनी शे ना! तुमना गाडीवर कितलांदा येल शे मी. एकदा पोरगी आजारी व्हती, तुम्ही उठीसन तुमनी जागा दिन्ही."

मला आठवत नाही. पण त्याला आठवत होतं, ते आज कामी आलं. सगळं सांगितलं. किरणचं, सव्वीस तारखेचं. कोणालाच सांगितलं नव्हतं, बेबालाही नाही, आणि याला सांगून बसलो!

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, दीड महिनामा टेनिस नही येवाव, भाऊ. सर्व्हिस येई. सभासद साडेआठला निघून जातात, पुढे तासभर कोर्ट मोकळं असतं, तेव्हा या.

निघताना त्याने एक सांगितलं, ते डोक्यातून जात नाही. बाकी फटक्यांना चेंडू समोरून येतो, तुम्ही नुसतं परतवता. चुकलं तर जोडीदार धावतो. सर्व्हिसला मात्र कोणी मदतीला येत नाही. चेंडू तुमच्याच हातात, सगळे थांबलेले, सगळे तुमच्याकडे बघणार.

कशाला सांगितलं!

१४ डिसेंबर, रविवार

धुळ्याला जाऊन आलो. दुसरा रविवार. बेबाने पहाटे उठून बामणोदच्या वांग्यांचं भरीत केलं, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. किरणने दोन वेळा वाढून घेतलं. रूपा म्हणाली, "आबा, आईंचा गुडघा कसा आहे?" तिने अजून आई म्हटलं. मी म्हटलं, बरा आहे, जिना उतरते.

जेवणानंतर किरणला म्हटलं, तुझी सर्व्हिस दाखव ना एकदा, म्हणजे मला कळेल. ती म्हणाली, "आज नको आबा. खांदा दुखतोय." आणि खोलीत गेली. नंतर खिडकीतून बघितलं तर खांदा दुखणारी पोरगी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती.

लिहू नये, पण लिहितो. पोरीला माझी लाज वाटते. तोंडातून बोलावणं निघून गेलं आणि आता पस्तावलीय. नाना असते तर दाखवली असती. नानांकडे गाडी आहे, नानांना इंग्रजी येतं. ही पोरगीही शेवटी तिकडचीच झाली.

येताना पारोळ्यापर्यंत उभा होतो. नवीन कंडक्टर, मला ओळखत नाही. तेही लागलं.

१७ डिसेंबर, बुधवार

धनसिंगने माझे अकरा मुद्दे वाचून बघितले आणि वही मिटून परत दिली. "हाई बठ्ठं इसरी जा." सगळं विसरायचं म्हणे!

त्याची पद्धत साधी. डावा पाय पुढे, नेटाच्या उजव्या खांबाकडे तोंड केलेला. रॅकेट आधीच पाठीमागे, पाठ खाजवतो तशी. मोठा फिरका नाही, अर्धाच. जितकं कमी तितकं चुकायला कमी. डाव्या हाताने चेंडू वर सोडायचा — फेकायचा नाही, भरलेला तांब्या फळीवर ठेवतो तसा वर न्यायचा, पाणी सांडू द्यायचं नाही. आणि मग वर पोचून मारायचं.

आज फक्त तांब्या. पन्नास वेळा. मारणं नाहीच. माझा चेंडू एकदा मागे जातो, एकदा डोक्यात पडतो. बत्तीस वर्षं याच बोटांनी तिकिटं फाडली. भरलेल्या गाडीत, घाटात, तोल सांभाळत सुट्टे मोजले. आणि एक चेंडू सरळ वर जात नाही!

२० डिसेंबर, शनिवार

माझा दोष सापडला. धनसिंगला सापडला.

आज पहिल्यांदा मारायला दिलं. वीस मारले, वीसही नेटात. तो नेटाजवळ उभा राहून माझ्या हाताकडे बघत होता. मग हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "भाऊ! तुम्ही गाडी सोडी ऱ्हायनात!"

खरंच की! माझा हात वर जातो तो घंटीच्या दोरीइतकाच. छताला लागून जी दोरी असते, तिच्यापुढे हात कधी गेलाच नाही. तेवढ्या उंचीवर हाताला वाटतं, आलं, पकडा. आणि खाली हिसका. तोही एक नाही, दोन! दोन घंट्या म्हणजे गाडी सोडा. पहिल्या हिसक्याला चेंडू नेटात, दुसरा हिसका हवेत.

"एकच, भाऊ. एकच."

एक घंटी म्हणजे गाडी थांबवा. माझ्या हाताला एक घंटी द्यायची म्हणजे ब्रेक लागणार, कोणीतरी पडणार — अंगात भिनलंय ते. सांगून जात नाही.

घरी येऊन बेबाला न कळता खोलीच्या दारात उभा राहून हात वर नेऊन बघितला. चौकटीपाशी थांबतो. पुढे न्यायला गेलो की आपोआप खाली येतो. हे वय शिकायचं नाही, लोटन. हे वय देवदर्शनाला जायचं.

२४ डिसेंबर, बुधवार

धनसिंगने कोर्टामागच्या निंबाच्या फांदीला सुतळी बांधली आणि खाली जुना फाटका चेंडू टांगला. माझ्या दोरीपेक्षा हातभर उंच. म्हणाला, हाई तुमनी नवी घंटी. रॅकेटघाई वाजाडा. वर देखा, वर! खाली पॅसिंजर नही शे!

खरं सांगायचं तर मी वर बघतच नाही. चेंडू वर सोडला की माझी नजर समोर जाते, कोण बघतंय ते पाहायला. गाडीत तेच काम होतं — कोण चढलं, कोण उतरलं, कोण तिकीट चुकवतंय. आभाळाकडे बघायला कंडक्टरला कोणी पगार देत नाही.

तासभर टांगलेला चेंडू मारला. शेवटी शेवटी आवाज बदलला. आधी "फट" व्हायचं, मग एकदा "टण्" झालं. धनसिंग लांब नळीशी उभा होता, तिथून ओरडला — "हाऊ!" म्हणजे हाच तो.

२७ डिसेंबर, शनिवार

सुतळीवरचा लागतो. सुटा लागत नाही. सुटा म्हणजे हातातून गेलेला, त्याची भीती वेगळी.

१ जानेवारी, गुरुवार

नवीन वर्ष. बेबाला कळलं.

गच्चीवर तांब्याचा सराव करत होतो. तिने तुरीची डाळ वाळत घातलेली. चेंडू वर गेला, सरळ गेला, झकास गेला, आणि सरळ डाळीत! डाळ चौफेर. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, हातात सूप.

"चाळीस वर्षांत पोरांनी केलं नाही ते तुम्ही करू राह्यले!"

सांगावं लागलं सगळं. मला वाटलं चिडेल, रूपाच्या दारात जाऊन नाचणार का म्हणेल. ती डाळ गोळा करत राहिली. मग म्हणाली, "मले का नाही सांगितलं? मी तिची आजी नाही हाय का?"

दोन वर्षांत ती धुळ्याला आलेली नाही. मी विचारतो, ती म्हणते गुडघा. गुडघा नाही ते. मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे की मला माहीत आहे.

मग खुर्ची आणवून घेतली, गच्चीच्या कोपऱ्यात बसली आणि हुकूम सुरू — "वर गेला. वर नाही गेला. वाकडा. हा बरा. अहो, तोंड मिटा, माशी जाईल." चाळीस चेंडू. धनसिंगपेक्षा कडक.

४ जानेवारी, रविवार

भूषणचा फोन. अक्काकडून कळलं त्याला. "आबा, हे काय नवीन? त्या लोकांत जाऊन उड्या मारणार? माझी मान खाली घालू नका."

म्हणायचं होतं — तू महिन्यातून एकदा पोरीला भेटायला आला असतास, तर तुझ्या बापाला उड्या माराव्या लागल्या नसत्या. नाही म्हणालो. जेवलास का, एवढंच विचारलं. आपल्या पोराचीही भीती वाटते आता. जास्त बोललो तर तोही फोन करायचा बंद होईल. मग मी आणि बेबा आणि टीव्ही.

आज दहातला एकही आत पडला नाही.

११ जानेवारी, रविवार

धुळे.

आज नाना होते — शालिग्रामनाना, रूपाचे वडील. बायपासनंतर वाळलेत, शालीत गुंडाळलेले. चांगले बोलले. "लोटनभाऊ, जपून हं. पडू नका म्हणजे झालं. एक आजोबा अंथरुणावर आहेच, दुसरा नको!" सगळे हसले, मीही हसलो. किरण हसली नाही. ती नखं खात होती. आजही म्हटलं, चल जरा कोर्टावर, दोघं मिळून सराव करू. "नको आबा. त्या दिवशीच खेळू डायरेक्ट." तिला माझ्यासोबत दिसायला नको आहे. महिनाभर मी निंबाखाली हात दुखवून घेतोय आणि तिला चारचौघांत माझ्याशेजारी उभं राहायचं नाही!

पण ते नाही. दुसरंच लिहायचंय. हात धुवायला मागे गेलो तर रूपा गॅलरीत फोनवर कोणाशी तरी बोलत होती. "तारीख पक्की झाली की सांगते. आबांना इतक्यात नका बोलू काही. सव्वीस जानेवारी होऊ दे, मग मीच सांगेन."

मी तसाच ओल्या हाताने उभा. ती वळली, मला बघून गडबडली. "आबा, टॉवेल देऊ?"

मला काय सांगणार आहे? दुसरं काय असणार! दुसरा रविवार बंद.

येताना गाडीत खिडकीशी बसलो. एरंडोल कधी गेलं कळलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार

चाळीस मारले. चाळीसही नेटात. धनसिंग चेंडू गोळा करून परत आणून देत राहिला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. किरणला दोनदा फोन केला, उचलला नाही. संध्याकाळी मोबाइलवर तिळगुळाचं चित्र आलं.

काल बेबाला रूपाचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊ नका. पुढे होऊन नाही म्हणा, म्हणजे कोणी तुम्हाला नाही म्हणायचं उरणार नाही." रात्रभर मला हे शहाणपणाचं वाटलं. आज सकाळी फोन हातात घेतला. किरणचं नाव काढलं. दाबलं नाही.

भीतीने नाही म्हणणं सोपं आहे. पण तिने बोलावलंय. बोलावणारं आता दुसरं कोण आहे?

१८ जानेवारी, रविवार

धनसिंगने आज मला फसवलं! रविवार, साडेआठ, मी पोचलो तर पाच सभासद बाकावर बसलेले. निघालेच नाहीत. त्यानेच थांबवलेले. "साहेब, जरा देखा, आमना भाऊले सर्व्हिस कशी जमनी ते." मी तसाच परत फिरत होतो. त्याने दंड धरला, कानाशी म्हणाला, "भाऊ, डर बी प्रॅक्टिसनी वस्तू शे. एखलामा तुम्हले बठ्ठं येस. चार मानसेसमोर हात बंद पडस. मंग चार मानसेसमोरच शिकनं पडी."

रेषेवर जाऊन उभा राहिलो. पहिला चेंडू मागच्या जाळीला. एक जाडे गृहस्थ हसले. दुसरा नेटात. तिसऱ्याला मी डोळे वर केले आणि तिथेच ठेवले. बाकावर कोण आहे ते बघितलं नाही. टण्! आत.

दहातले तीन आत. जाडे गृहस्थ उठून म्हणाले, बरं आहे की हो.

ते हसले आणि मी मेलो नाही. एवढं आज शिकलो.

२२ जानेवारी, गुरुवार

दहातले सहा. हळू जातात, चालत गेल्यासारखे, पण जातात. धनसिंग म्हणाला, आते खराब करू नका, जास्त सराव नही. मला मात्र झोप नाही. छातीत धडधड. डॉक्टरकडे जावं का? तो नाही म्हणाला तर? गेलो नाही.

२५ जानेवारी, रविवार

बेबा येतेय. सकाळी एकदम म्हणाली, "भरीत तिथे कोण पोचवणार? तुम्ही तर खेळणार." लुगडं इस्त्रीला दिलं. गुडघ्याला पट्टा बांधून बघितला.

धनसिंगने त्याचे स्वतःचे बूट दिले, पांढरे, खडूने घासलेले. एक नंबर मोठे आहेत, दोन मोजे घालीन. पैसे देऊ केले तर रागावला.

उद्या काय होईल ते होईल असं लोक म्हणतात. मला नाही म्हणता येत. उद्या काहीही होऊ नये असं वाटतं. उद्या हा दिवसच येऊ नये.

२६ जानेवारी, सोमवार. गाडीत, पारोळ्याच्या पुढे

बेबा खांद्यावर झोपलीय. खड्डे लागतात, तरी लिहितो. घरी गेल्यावर हे असं राहणार नाही.

झेंडावंदन झालं. आठ जोड्या. पहिल्यांदा चार गेम घेईल ती जोडी जिंकणार, प्रत्येकाला एक गेम सर्व्हिस. समोर एक आजी, पांढरी टोपी, नातू तेरा-चौदाचा. आजी काय खेळतात! पहिला गेम त्यांच्या सर्व्हिसचा, तो गेला.

मग माझी पाळी. खुर्च्यांत पन्नासेक माणसं. रूपा, नाना, बेबा एका रांगेत — बेबा रूपाच्या शेजारी! मी रेषेवर गेलो. पहिला चेंडू नेटात. दुसरा नेटात. कोणी हसलं, कोणी "चलो आबा!" म्हणालं. डावा पाय पुढे. रॅकेट पाठीवर. तांब्या वर नेला आणि वर बघितलं, नुसतं निळं. टण्. गेली! आत पडली! आजींना अपेक्षाच नव्हती, त्या बघतच राहिल्या. बेबा उठून उभी — "वर गेला! वर गेला!" सगळे हसले, पण ते हसणं वेगळं.

गेम गेलाच. पण पाच सर्व्हिसा आत पडल्या, मोजल्यात. मी किरणकडे बघितलं, म्हटलं आता तरी हसेल. ती हसली नाही. पांढरीफटक.

तिसरा गेम आजींच्या नातवाचा, तोही गेला. मग किरणची सर्व्हिस. ती रेषेवर गेली. चेंडू आपटला. पाच वेळा, दहा वेळा, पंधरा वेळा. वर सोडेचना. सोडला तो मागे, तिने पकडला. पुन्हा आपटला. मारला तो नेटाच्या बुडाशी. दुसराही. डबल फॉल्ट. पुन्हा डबल फॉल्ट. खुर्च्यांतून तिची कोणी मैत्रीण — "परत सुरू झालं हिचं!"

मी पंचांना हात केला, बुटाची नाडी सुटली म्हणून. नाडी सुटली नव्हती. वाकलो. ती जवळ आली, माझ्याशेजारी वाकली.

"आबा, मला नाही येत आहे. नोव्हेंबरपासून नाही येत. नाशिकला सगळ्यांसमोर नऊ डबल फॉल्ट केले, तेव्हापासून हात वर जातच नाही."

म्हटलं, मग सांगायचं ना राजा.

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. नानांचं ऑपरेशन झालं नसतं तरी तुम्हालाच विचारणार होते. तुम्हाला येत नाही ना. दोघांनाही आलं नाही तर मला एकटीला नाही हसणार. आणि तुम्ही तर शिकून आलात!"

शिकून आलात, असं म्हणाली ती — गुन्हा केल्यासारखं! दीड महिना मी हिच्या भीतीने झुरतोय आणि ही पोरगी त्याच्याही आधीपासून एकटी झुरतेय. खांदा दुखतो, आज नको, त्या दिवशीच खेळू — सगळं ते होतं! आणि मी काय काय समजून बसलो.

"आबा, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"नाही गं," मी म्हटलं. "कशाची भीती! हे बघ, तुझा तो मोठा फिरका आज सोडून दे. रॅकेट आधीच पाठीवर ठेव. अर्धीच सर्व्हिस. हळू पडली तरी पडू दे. आणि चेंडू वर गेला की तिकडेच बघ, माणसं कुठे पळून जात नाहीत."

नाडी पुन्हा बांधली. ती गेली. चेंडू एकदाच आपटला. रॅकेट पाठीवर, शिकाऊ पोरीसारखी, जिल्ह्यात खेळलेली पोरगी! वर बघितलं. मारला. हळू, लोंबत, आपला नेटावरून गेला आणि आत पडला. नातवाने तो दणकावून परत केला, पॉइंट त्यांचाच. किरण मात्र हात वर करून उभी होती, पॉइंट जिंकल्यासारखी.

चार-शून्य हरलो. आजींनी दोघांना पेढा दिला.

जेवणानंतर रूपाने बाजूला बोलावलं. बेबाही होती. "आबा, माझी बँकेत बढती झाली. बदली रायपूरला. किरणची परीक्षा झाली की एप्रिलमध्ये जायचं. तिनेच बजावलं होतं, आधी आबांसोबत खेळू दे, मग सांग." मग म्हणाली, "दुसरा रविवार…"

मी म्हटलं, रायपूरची गाडी जळगाववरूनच जाते ना. स्टेशनवर येईन. किती मिनिटं थांबते?

रूपा रडली. बेबाने तिला जवळ घेतलं. मला काही वाटेना. दीड महिना ज्याला भ्यालो ते समोर उभं होतं आणि मी गाडी किती थांबते ते विचारत होतो.

आता वाटतंय. सगळं आत्ता वाटतंय. पुढे लिहवत नाही, गाडी हलते.

२८ जानेवारी, बुधवार

किरण,

परवा तू विचारलंस, आबा, तुम्हाला भीती नाही वाटत? मी नाही म्हणालो. खोटं बोललो. सात डिसेंबरपासून रोज काय वाटत होतं ते या वहीत आहे. तुझ्याबद्दल दोन-तीन ठिकाणी वाकडं लिहिलंय, तुझ्या पप्पाबद्दलही. खोडायला पेन उचललं होतं, खोडलं नाही. सगळं वाच. पुढची पानं कोरी आहेत. हात वर जाणार नाही त्या दिवशी तारीख टाकायची, लिहायचं आणि वही मला पाठवायची. मी माझी भीती लिहून परत पाठवीन. रायपूरला पोचायची वाट बघू नकोस. या आठवड्यातच पहिलं पान लिही, आणि लवकर धाड.

— आबा